गल्लीत पाणी का भरतं, आणि भरायच्या आत काय करायचं

आमच्या सोसायटीच्या गेटच्या खांबावर ऑइलपेंटच्या चार आडव्या रेघा आहेत. सगळ्यात वरची माझ्या छातीला लागते. तिच्या शेजारी '२६ जुलै' एवढंच लिहिलंय. साल लिहायची गरज कुणाला वाटली नाही. खालच्या तीन रेघा वॉचमनकाकांनी नंतर मारल्या. पाणी पहिल्या रेघेला टेकलं की ते पंपाची खोली बंद करतात. दुसऱ्या रेघेला लिफ्ट वरच्या मजल्यावर पाठवून बंद. तिसऱ्या रेघेला पाणी पोचायच्या आत मीटर रूमचा मेन स्विच खाली. हे त्यांना कुणी शिकवलं नाही. कुठवर पाणी आलं की काय बुडतं ते दर पावसाळ्यात पाहून त्यांनीच ठरवलं. शहरातल्या पुराबद्दल मी बरंच वाचलंय, पण त्या खांबाइतकं कामाचं फार थोडं सापडलं.

पूर म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर नदी येते. कोल्हापूरकर पावसाळाभर राजाराम बंधाऱ्याची पातळी पाहत असतो: ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. धरणातून किती क्युसेक सोडले ते कळतं, पाणी अमुक तासांनी इथे येईल असा अंदाज बांधता येतो, जनावरं सोडायला, सामान माळ्यावर टाकायला थोडा वेळ मिळतो. गल्लीत भरणाऱ्या पाण्याला ना नदी ना बंधारा. आभाळातून पडलेलं पाणी गटारात जायच्या आधीच रस्त्यावर साठतं, बस्स. तासाभरापूर्वी कोरडी असलेली गल्ली गुडघाभर पाण्यात जाते आणि दोन गल्ल्या पलीकडे लोक टपरीवर निवांत चहा पीत असतात. आपण त्याला 'पूर' म्हणतही नाही. 'पाणी भरलं', 'पाणी तुंबलं' म्हणतो, वर्तमानपत्रं 'मुंबईची तुंबई' असा मथळा टाकतात आणि विषय संपतो. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने मात्र २०१० मध्ये शहरी पुरासाठी स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्या, कारण याचं गणित नदीच्या पुराहून वेगळं आहे.

ते गणित शाळेतलंच आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. समजा तुमच्या सोसायटीचा प्लॉट २,००० चौरस मीटरचा, म्हणजे साधारण अर्धा एकर आहे. तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस झाला. पाणी किती? एक लाख लिटर. उन्हाळ्यात आपण जो दहा हजार लिटरचा टँकर मागवतो, तसे दहा टँकर एका तासात कुणीतरी आवारात ओतले असं समजा. आणि हे फक्त तुमच्या प्लॉटचं. शेजारच्या बिल्डिंगांचं, रस्त्याचं, वरच्या अंगाच्या टेकडीचं पाणी वेगळंच.

जागा मातीची आणि झाडोऱ्याची असेल तर त्यातले बरेच टँकर जमीन निदान सुरुवातीला तरी पिऊन टाकते. काँक्रीट आणि डांबर जवळजवळ काहीच पीत नाहीत. दहातले नऊ टँकर तसेच उताराला लागतात. पेव्हर ब्लॉकच्या फटींतून पाणी मुरतं असं सोसायटीच्या मीटिंगमध्ये हमखास कुणीतरी सांगतं. खाली सिमेंटचा थर घातलेला असेल तर मुरायचं कुठे? राष्ट्रीय प्राधिकरणाच्या त्याच सूचनांमध्ये म्हटलंय की शहरीकरणामुळे पुराचा लोंढा १.८ पटींपासून ८ पटींपर्यंत आणि पाण्याचं एकूण प्रमाण ६ पटींपर्यंत वाढू शकतं. म्हणजे पाऊस आजोबांच्या वेळचाच राहिला असता, तरी पाणी जास्त भरलं असतं.

आता ते नऊ टँकर जायचे कुठे? पावसाळी गटारात. मुंबईची जुनी पर्जन्य जलवाहिन्यांची व्यवस्था ब्रिटिशांच्या वेळची, तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली, आणि तेही अर्धं पाणी जमिनीत मुरेल असं धरून. १९९३ च्या 'ब्रिमस्टोवॅड' अहवालाने ही क्षमता तासाला ५० मिलिमीटरपर्यंत नेण्याचा आराखडा दिला. काम रखडत रखडत पुढे सरकलं. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया, गझदरबंध अशी पाणी उपसणारी पंपिंग स्टेशनं उभी राहिली. पण ५० चा आकडा गाठला तरी ७० चा तास आला की वरचे २० मिलिमीटर रस्त्यावरच राहणार. हे कुणाचं पाप नव्हे, मापच तेवढं आहे. पापाचा भाग पुढे आहे.

पाइपाचा व्यास निम्मा केला तर पाणी निम्मं जाईल असं आपल्याला वाटतं. तसं होत नाही. उतार तोच ठेवून व्यास निम्मा केला तर जेमतेम सहावा हिस्सा पाणी जातं. म्हणून कुणी कंत्राटदार 'बारा इंची नाही, सहा इंची पाइप पण चालेल, काम स्वस्तात होईल' म्हणाला तर त्याला हा हिशोब विचारा. आणि एका जागी अरुंद झालेली वाट अख्ख्या ओळीला अरुंद करते. चेंबरमध्ये अडकलेलं एक थर्माकोल, केबलवाल्याने गटारातून आडवा नेलेला एक पाइप, नारळाच्या शेंड्यांचा एक गोळा, एवढं पुरतं. नालेसफाई मोठ्या नाल्यांची होते, फोटो त्यांचेच येतात. गल्लीतलं पाणी बहुतेक वेळा नाल्यापर्यंत पोचतच नाही.

त्यात समुद्र. मुंबईच्या बहुतेक जलवाहिन्यांची समुद्राकडची तोंडं भरतीच्या पातळीच्या खाली आहेत. भरती चढली की पाणी बाहेर पडत नाही, उलट दार नसेल तर आत शिरतं. महापालिका दर वर्षी साडेचार मीटरहून मोठ्या भरतीचे दिवस आधीच जाहीर करते. ते कॅलेंडरवर लाल पेनाने खुणावून ठेवावेत. कोकणातल्या माणसाला एरवी कॅलेंडरही लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते. चतुर्थी असेल तर तीन, अष्टमी असेल तर सहा, अमावास्या-पौर्णिमेला अकरा-बाराच्या सुमाराला आणि तेही उधाण. वेळ थोडी इकडेतिकडे होईल, पण 'आज दुपारी पाऊस वाढला तर आपलं पाणी निघेल का' या प्रश्नाला तेवढं उत्तर पुरतं. गटाराचं पाणी निघायला ओहोटी लागते, हे एकदा डोक्यात बसलं की कधी घाबरायचं आणि कधी थांबायचं ते कळतं.

२६ जुलै २००५ ला हे सगळं एकत्र आलं. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. त्याच दिवशी कुलाब्याला ७३. एकाच शहरात एवढा फरक! भर दुपारी पावसाचा सगळ्यात जोराचा तास आणि ४.४८ मीटरची भरती मागेपुढे आली. विहार आणि पवई तलावांचं सांडवा-पाणी घेऊन माहीमच्या खाडीकडे जाणारी मिठी भराव आणि बांधकामांनी आवळलेली होती. पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री समुद्राचा संबंध नव्हता, तरी कात्रजकडून येणाऱ्या आंबिल ओढ्याने वीसहून जास्त माणसं नेली. नागपुरात २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी घराघरांत शिरली. तिन्हीकडे लोकांचं म्हणणं जवळपास एकच होतं: बघता बघता आलं.

'बघता बघता' का वाटतं? एक कारण पावसाचे आकडे वाचण्यात आहे. हवामान खात्याचा 'मुसळधार', 'अति मुसळधार' हा हिशेब चोवीस तासांचा असतो: ६४.५ मिलिमीटरच्या पुढे मुसळधार, ११५.६ च्या पुढे अति मुसळधार, २०४.४ च्या वर अत्यंत मुसळधार. गटाराचा हिशेब मात्र तासाचा. १२० मिलिमीटर पाऊस दिवसभर सारखा पडला तर तासाला पाच मिलिमीटर होतो. चपला भिजतील, एवढंच. तोच १२० दोन तासांत कोसळला तर तुमची गल्ली गेली. म्हणून ऑरेंज अलर्ट असूनही काही झालं नाही म्हणून हसू नये, आणि यलो आहे म्हणून बेसमेंटमध्ये गाडी ठेवून गावाला जाऊ नये. सकाळी रंग पाहा, पण पाऊस सुरू झाल्यावर पुढच्या तीन तासांचा 'नाऊकास्ट' पाहा, आणि आपल्या वॉर्डातल्या स्वयंचलित पर्जन्यमापकाचा आकडा पाहा. मुंबई महापालिका हे आकडे लोकांना खुले ठेवते. पंधरा मिनिटांत पंधरा मिलिमीटरच्या वर गेला की मी तरी हातातलं काम ठेवून खाली उतरतो.

आणि हेही खरं की वेळापत्रक पावसाला लागू नाही. नालेसफाईची मुदत ३१ मेची असते. २०२५ मध्ये मोसमी पाऊस मुंबईत २६ मेलाच हजर झाला आणि वरळीच्या आचार्य अत्रे चौक या नव्याकोऱ्या भुयारी मेट्रो स्थानकात पाणी शिरलं.

आता आपल्या हातात काय आहे ते.

जूनचा पहिला बऱ्यापैकी पाऊस आला की छत्री घेऊन गल्लीत एक फेरी मारा. हातात खडू नाही, कारण भिजेल, मोबाइल पुरे. वाळलेली पानं कुठल्या दिशेला वाहत जातात बघा. ती कुठे थांबतात, कुठे गोल फिरतात, कुठल्या जाळीत गडप होतात. अर्ध्या तासात गल्लीचा उतार कळतो. आम्ही केलं तेव्हा दोन गोष्टी कळल्या. आमच्या आवारातलं एक चेंबर पेव्हर ब्लॉकखाली गाडलं गेलं होतं. तीन वर्षं आम्ही त्याच्यावर स्कूटर लावत होतो. दुसरं म्हणजे मागच्या बाजूचं सगळं पाणी कंपाउंड वॉलला अडून साठत होतं. भिंतीला खाली पाणी जायला भोकंच नव्हती. अशी भिंत म्हणजे न बांधलेलं धरण. एका बाजूला कमरेइतकं पाणी आणि दुसऱ्या बाजूला काही नाही, मग ती कधी पडेल ते सांगता येत नाही. पुण्यात २०१९ ला अरण्येश्वरच्या टांगेवाले कॉलनीत माणसं गेली ती भिंत कोसळून. चार-चार फुटांवर भोकं पाडायला आम्हाला एक गवंडी आणि एक दिवस लागला. मात्र पाणी पलीकडे कुणाच्या दारात जातंय ते आधी पाहा, आणि त्यांच्याशी बोला. पाण्याच्या बाबतीत शेजाऱ्याला न विचारता केलेली युक्ती पुढच्या पावसात परत येते.

तळमजल्यावरच्या घरांचं दुखणं निराळं. पाणी दारातून यायच्या आधी बाथरूमच्या जाळीतून आणि कमोडमधून उलटं येतं, कारण बाहेरचं चेंबर भरलेलं असतं आणि तुमचा पाइप त्याला जोडलेला असतो. उंबऱ्याला फळ्या आणि वाळूची पोती लावून आपण दाराशी खिंड लढवत उभे, आणि मागून बाथरूममध्ये घोटाभर काळं पाणी. यावर पक्का इलाज म्हणजे बाहेर जाणाऱ्या पाइपाला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी बाहेर जाऊ देणारी पण उलटं येऊ न देणारी झडप. कच्चा इलाज आमच्याकडच्या तळमजल्याच्या आजींचा: जाड प्लास्टिकच्या पिशवीत वाळू भरून, तोंड बांधून, जाळीवर ठेवायची आणि वर पाट्याचा दगड. पूर्ण थांबत नाही, पण गॅसची शेगडी आणि गाद्या उचलायला वेळ मिळतो.

एक वही करा. व्हॉट्सॲप ग्रुप आहेच, पण मोबाइलची बॅटरी आणि टॉवर दोन्ही अशा दिवशी दगा देतात. वहीत खालच्या दोन मजल्यांवर कोण एकटं राहतं, कुणाचं इन्शुलिन फ्रिजमध्ये असतं, कुणाला ऑक्सिजनचं यंत्र लागतं, कुणाचे दिवस भरत आलेत, हे लिहायचं. प्रत्येकासाठी वरच्या मजल्यावरचं एक घर आधीच ठरवायचं; त्यांना विचारून. आयत्या वेळी 'आमच्याकडे या' म्हणणारे खूप असतात, पण आजी संकोचाने हलत नाहीत. आधी एकदा चहाला बोलावून ठरवलं असलं की येतात. रस्त्याकडेच्या झोपडीत राहणारी, तुमच्याकडे कामाला येणारी कुटुंबंही त्या वहीत हवीत. पाणी त्यांच्याकडे तुमच्या आधी पोचतं.

मुंबई पालिकेचा १९१६, पोलिसांचा ११२, रुग्णवाहिकेचा १०८ हे नंबर भिंतीवर लिहून ठेवा. पण पहिल्या तासात गाडी येईल असं धरून चालू नका. तीही त्याच पाण्यात अडकलेली असते. त्या तासापुरतं गल्लीच गल्लीच्या उपयोगाची. काही ठिकाणी सरकारच्या 'आपदा मित्र' योजनेत शिकून तयार झालेले स्वयंसेवक आहेत; तुमच्या भागात असतील तर जूनच्या आधी ओळख करून घ्या.

पाणी चढत असताना जीव जातात ते फक्त बुडूनच नाही, बाकीच्या कारणांनीही. वीज हे त्यातलं मोठं कारण. २५ जुलै २०२४ ला पुण्यात डेक्कनच्या पुलाच्या वाडीत तीन तरुण विजेच्या धक्क्याने गेले. मीटर रूममध्ये पाणी शिरल्यावर स्विच बंद करायला जायचं नाही. शिरायच्या आत बंद करायचा, नाहीतर वीज कंपनीला फोन करून बाहेरच थांबायचं. दिव्याच्या खांबाला, रोहित्राच्या कुंपणाला, दुकानाच्या लोखंडी शटरला हात लावायचा नाही.

दुसरं मॅनहोल. पाणी लवकर उतरावं म्हणून कुणीतरी पुढाकार घेऊन झाकण उघडतो. चांगल्या हेतूने केलेलं हे काम माणसं मारतं. २९ ऑगस्ट २०१७ ला मुंबईतले एक नामवंत डॉक्टर घरी चालत जाताना उघड्या मॅनहोलमध्ये पडले. मृतदेह वरळीला समुद्राकाठी मिळाला. त्यानंतर झाकणाखाली संरक्षक जाळ्या बसवायला वेग आला, पण सगळीकडे आहेतच असं धरू नका. पाण्यातून चालावंच लागलं तर हातात काठी किंवा मिटलेली छत्री घेऊन पुढची जमीन चाचपत चला. पाणी गोल फिरताना दिसलं, भोवरा दिसला, तर तिथून लांब.

तिसरी गाडी. फूटभर वाहतं पाणी लहान कारला तरंगवायला पुरतं. बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये गेलेलं पाणी दाबलं जात नाही, आतला दांडाच वाकतो, आणि इंजिनसाठी वेगळं संरक्षण घेतलेलं नसेल तर विमा कंपनी हात वर करते. पण ती पैशांची गोष्ट. २००५ मध्ये बंद काचांच्या गाडीत अडकून लोक गुदमरून गेले. पाणी दारापर्यंत यायच्या आत काच खाली करा आणि उतरा. बेसमेंटमधली गाडी काढायला, 'दोन मिनिटांत येतो' म्हणून, अजिबात जाऊ नका.

पाणी ओसरल्यावर सगळ्यांना झाडू मारायची घाई होते. त्याआधी फोटो. भिंतीवरची ओलीची रेघ दिसेल असे, सामानासकट. पंचनाम्याला आणि विम्याला तेच लागतात. मग जमिनीखालची पाण्याची टाकी. तिच्यात गटाराचं पाणी गेलं असेल आणि कुणी सवयीने पंप चालू केला, तर ते पाणी वरच्या टाकीतून वीस घरांत पोचतं. म्हणून पंपाच्या बटणावर चिकटपट्टी लावून 'टाकी धुईपर्यंत हात लावू नये' असं लिहा. तोवर पिण्याचं पाणी उकळूनच.

लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा आजार) हा शब्द मुंबईकरांना २००५ नंतर पाठ झाला. उंदीर, कुत्री, गुरं यांच्या मूत्रातून तो जंतू पाण्यात येतो आणि पायाच्या जखमेतून शरीरात शिरतो. तुंबलेल्या पाण्यातून चालला असाल तर तीन दिवसांच्या आत डॉक्टरांना दाखवा. प्रतिबंधक गोळी द्यायची की नाही ते डॉक्टर ठरवतील, गर्भवती बाईला आणि लहान मुलांना औषध वेगळं असतं. ताप, पोटऱ्या ठणकणं, डोळे लाल होणं याला 'पावसाचा ताप' म्हणून सोडू नका. साफसफाईला उतरणाऱ्या कामगारांना गमबूट आणि हातमोजे सोसायटीने द्यावेत. हे सांगावं लागतं याचीच लाज वाटते.

राहिला प्रश्न पुढच्या वर्षीचा. गच्चीवरचं पाणी थेट गटारात सोडण्याऐवजी टाकीत धरलं तर? ४०० चौरस मीटरच्या गच्चीवर पहिले २५ मिलिमीटर म्हणजे दहा हजार लिटर, एक टँकर. ऐन जोराच्या वेळी एक टँकर गटारात कमी गेला. एका सोसायटीने काही होत नाही, गल्लीतल्या पंधरांनी केलं तर फरक दिसतो. परळच्या हिंदमाता भागासाठी पालिकेने जमिनीखाली मोठ्या टाक्या बांधल्या त्या याच विचाराने: जोराचं पाणी थोडा वेळ धरून ठेवायचं, भरती उतरली की सोडायचं.

दुसरी गोष्ट रस्त्याची उंची. जुना थर न खरवडता वर नवा टाकला की रस्ता दर वेळी काही इंच वर येतो. आमच्या बिल्डिंगच्या जोत्यावर चढायला पूर्वी तीन पायऱ्या होत्या, आता एकच उरलीय. शिवाय शेजारच्या नव्या टॉवरने भरणी टाकून प्लॉट उंच करून घेतला, त्यांचं पाणी आता आमच्याकडे. रस्त्याचं काम निघालं की ते सुरू व्हायच्या आत टेप घेऊन जोत्यापासून रस्त्यापर्यंतचं अंतर मोजा, तारखेसह फोटो काढा, आणि वॉर्ड ऑफिसला लेखी अर्ज देऊन पोच घ्या की जुना थर काढल्याशिवाय नवा टाकू नये. तोंडी सांगितलेलं तिथे कुणाला आठवत नाही. आमचा मागचा अर्ज उशिरा गेला, तेव्हा डांबराचं मशीन कोपऱ्यावर येऊन उभं होतं. या वेळी मार्चमध्येच दिलाय. वॉचमनकाकांनी तेवढ्यात पहिली रेघ दोन इंच वर घेतली.